जॅक बसतोय, तेल कोणतं टाकू?

पत्र थोडक्यात असं: हे वाचक परभणी जिल्ह्यातले, वय 31. घरचा ट्रॅक्टर आहे, हंगामात मागे दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस नेतात. वडील वारले, तेव्हापासून घरातलं सगळं चुलत्यांच्या विचाराने चालतं. वडिलांनी घेतलेला 10 टनी बॉटल जॅक अजून वापरात आहे, पण महिनाभरापासून तो भार घेतला की हळूहळू खाली बसतो. मागच्या आठवड्यात भरल्या ट्रॉलीचं टायर वाटेत फुटलं. चाक बदलेपर्यंत जॅक चार बोटं खाली आला आणि ड्रायव्हरचा हात थोडक्यात वाचला. आता तेल बदलायचं ठरलंय. काका म्हणतात, इंजिनाचं काढलेलं काळं ऑइल टाक. तालुक्याचा मेकॅनिक म्हणतो ब्रेक ऑइल, दुकानदार म्हणतो हायड्रॉलिक 68, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत कुणीतरी नवं इंजिन ऑइल ओतून दाखवतो. वाचक विचारतात: ‘जाड तेल टाकलं तर जॅक बसायचा थांबेल ना? आणि काकांचं न ऐकता दुसरं टाकलं तर त्यांना वाईट वाटेल, ते कसं सांभाळू?’

भाऊ,

तुम्ही ड्रायव्हरच्या हाताची गोष्ट एका ओळीत उरकलीत आणि तेलावर दीड पान लिहिलंत. यात तुमचा दोष नाही. आपल्याकडे यंत्र बिघडलं की पहिला प्रश्न ‘काय टाकू?’ हाच येतो. जनावर आजारी पडलं तरी तोच. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात: जॅक बसतोय म्हणजे तेल पातळ पडलंय, तेव्हा जाड टाकलं की काम झालं. तेलाच्या डब्याकडे जाण्याआधी हे तपासू.

जॅकच्या पोटात काय आहे? हँडल वर केलं की छोटा दट्ट्या टाकीतलं तेल ओढतो. हँडल दाबलं की तेच तेल मोठ्या दांड्याखाली ढकललं जातं. वाटेत दोन छर्रे असतात, हरभऱ्याहून लहान, पोलादाचे. एक छर्रा ओढलेलं तेल टाकीत परत जाऊ देत नाही, दुसरा दांड्याखाली गेलेलं तेल माघारी येऊ देत नाही. तिसरी जागा जॅक उतरवायच्या स्क्रूची. चौथी मोठ्या दांड्याचं सील. जॅक उभा राहतो तो यांच्या जिवावर. तेल फक्त जोर इकडून तिकडे पोचवतं.

जोर किती, ते एकदा मांडून बघा. छोटा दट्ट्या 1 सेंटीमीटर व्यासाचा आणि मोठा 4 सेंटीमीटरचा धरला तर मोठ्याचं क्षेत्रफळ 16 पट भरतं. हँडलच्या लांबीमुळे आणखी 20 पट. तुम्ही 30 किलोचा जोर लावला तर घर्षणाचं सोडून वर 9,600 किलो उचललं जातं. शाळेत पास्कलचा नियम पाठ केला होता, तो हाच. पण याची दुसरी बाजू शाळेत कुणी सांगत नाही. पुरते 10 टन त्या 4 सेंटीमीटरच्या दांड्यावर आले की आतल्या तेलावर चौरस सेंटीमीटरला 800 किलोच्या आसपास दाब असतो. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर 800 किलो. मोटारीच्या टायरात जेमतेम सव्वादोन-अडीच किलो हवा असते. एवढ्या दाबाखाली छर्र्याच्या बैठकीवर मातीचा एक कण अडकला, केसाएवढा ओरखडा पडला, तरी तेल तिथून वाट काढणारच.

आपल्या जालन्याचा हातपंप आठवा. 1970च्या दशकात इंडिया मार्क-2 हा हातपंप तयार झाला आणि देशभर पोचला. त्याच्या आधीची पायरी म्हणजे जालना आणि सोलापूर इथे बनलेले पंप. त्यात चामड्याचे वायसर असायचे, पुढे नायट्राइल रबराचे आले. वायसर झिजला की दांडा नुसता खडखडतो, पाणी काही वर येत नाही. अशा वेळी ‘पाणी पातळ झालंय, जरा जाड पाणी बघा’ असं गावात कुणी म्हणालेलं मी ऐकलं नाही. जॅकच्या बाबतीत मात्र सगळे हेच म्हणतात.

जाड तेलाने फरक पडतो का? पडतो, आणि खरा धोका त्यातच आहे. बारीक फटीतून तेल जितकं जाड तितकं हळू झिरपतं. दुप्पट जाड टाकलं तर निम्म्या वेगाने. म्हणजे दहा मिनिटांत चार बोटं बसणारा जॅक वीस मिनिटांत बसेल. तुम्हाला वाटेल दुरुस्त झाला. अंगणात रिकाम्या ट्रॉलीखाली तपासून बघाल आणि खूश व्हाल. मग एप्रिलच्या उन्हात, तापलेल्या रस्त्याकडेला, भरल्या ट्रॉलीखाली तेच तेल पातळ होईल आणि चाक अर्धं निघालेलं असताना जॅक जुन्या चालीवर येईल. उघडउघड बसणाऱ्या जॅकखाली कुणी हात घालत नाही. हळूहळू बसणाऱ्याखाली घालतात.

म्हणून आधी जॅक कुठून बसतोय ते शोधा. त्याला दुकान लागत नाही, डोळे पुरतात. रिकामी ट्रॉली उचला, खाली ठोकळे लावून ठेवा (त्यांचं पुढे सांगतो) आणि बाजूला बसून जॅककडे बघत राहा. भाराखाली हँडल आपोआप वर सरकत असेल तर दुसरा छर्रा तेल सोडतोय. दाब उलटा छोट्या दट्ट्यावर येतो आणि हँडल उचलतो. हँडल जागेवर, बाहेर तेलाचा थेंब नाही, तरी दांडा बसतोय? मग उतरवायच्या स्क्रूची बैठक किंवा आतलं सील. दांड्याच्या गळ्याशी तेलाची ओल दिसली तर वरचं सील. हँडल दाबताना उशी दाबल्यासारखं मऊ लागलं तर आत हवा आहे. आणि जॅक ठरावीक उंचीला जाऊन थांबत असेल, पुढे हँडल नुसतंच हलत असेल, तर तेल कमी. यातलं हे शेवटचं एकच दुखणं खरोखर तेलाचं. तुमचं ते नाही. तुम्ही लिहिलंय की जॅक पूर्ण उंचीला जातो आणि मग बसतो.

तरी तेल बदलाच. बसणाऱ्या दहा जॅकांत दोन-तीन तरी नुसतं तेल बदलून सुधारलेले मी पाहिलेत. श्रेय नव्या तेलाचं नसतं, जुन्यासोबत जी घाण बाहेर पडली तिचं असतं. तेव्हा आता तुमचे चार सल्लागार एकेक करून घेऊ.

मेकॅनिकपासून सुरू करतो, कारण त्याचाच सल्ला सगळ्यात महागात पडेल. ब्रेक ऑइल नावालाच ऑइल आहे. बाटलीवर डॉट 3 किंवा डॉट 4 लिहिलेलं असतं, आत असतं ग्लायकॉल ईथर जातीचं रसायन. खनिज तेलाशी त्याचं काही नातं नाही. घरी करून बघा: काचेच्या एका पेल्यात पाणी घेऊन ब्रेक ऑइलचे चार थेंब टाका, दुसऱ्यात हायड्रॉलिक तेलाचे. पहिलं ढवळलं की पाण्यात मिसळून जातं, दुसरं वर तरंगतं. बहुतेक जॅकांची सीलं नायट्राइल रबराची असतात, हातपंपातल्या नव्या वायसरांच्या जातीची. हे रबर खनिज तेलात वर्षानुवर्षं टिकतं. ब्रेक ऑइलमध्ये ते फुगतं, मऊ पडतं. ब्रेकमध्ये रबर वेगळ्या जातीचं असतं, म्हणून तिथे ते चालतं. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणजे आतून गंज.

गॅरेजात असताना मी असा एक जॅक उघडला होता. मालक सांगत होता, ब्रेक ऑइल टाकल्यावर पहिले पंधरा दिवस जॅक फारच छान चालला. चालणारच. फुगलेल्या सीलने फट बंद केली होती. मी ते सील काढलं तेव्हा ते भिजवलेल्या वालासारखं टरारलं होतं, नखाने दाबलं तर सालपट निघालं. पंधरा दिवसांच्या सुखावर त्या माणसाने मेकॅनिकची शिफारस आणखी चार घरी केली होती.

मेकॅनिकच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. नव्या ट्रॅक्टरांना ‘ऑइल ब्रेक’ असतात, म्हणजे ब्रेकच्या प्लेटी मागच्या हाउसिंगमधल्या तेलात बुडालेल्या. ते तेल खनिजच असतं, डब्यावर यूटीटीओ लिहिलेलं असतं, आणि अडीअडचणीला ते जॅकात टाकलं तर सील खराब होत नाही. त्याला तेच म्हणायचं असेल. ‘ऑइल ब्रेकचं ऑइल’ आणि ‘ब्रेक ऑइल’, बोलण्यात एवढासा फरक. तेव्हा डबा हातात घेऊन वाचा, तोंडी नावावर जाऊ नका. आणि उलटी चूकही करू नका: जॅकचं उरलेलं तेल मोटारीच्या किंवा मोटारसायकलच्या ब्रेकच्या डबीत कधी ओतू नका. तिथलं रबर खनिज तेलाने फुगतं आणि ब्रेक निकामी होतो.

आता व्हिडिओवाल्याचं नवं इंजिन ऑइल. ते वाईट तेल नाही, फक्त दुसऱ्या कामाचं आहे. इंजिनात काजळी जमते, म्हणून त्या तेलात घाण धरून ठेवणारं रसायन घालतात. ती घाण तेलासोबत फिल्टरपर्यंत जाते आणि तिथे अडकते. जॅकला फिल्टर कुठाय? तिथे घाण तळाशी बसलेली बरी, तेलात तरंगत छर्र्यापर्यंत जाणारी नको. पाण्याचंही तेच. हायड्रॉलिक तेल पाण्याला वेगळं होऊ देतं, इंजिन ऑइल ते पोटात धरून ठेवतं. शिवाय 20डब्ल्यू-40 हे जॅकच्या मानाने बरंच जाड. थंडीत पहाटे हँडल मारताना खांद्याला कळतं.

याच रांगेत गिअर ऑइल 90 आणि, हसू नका, गोडंतेलही बसतं. एका वाचकाने मागे विचारलं होतं की घरच्या करडीचं तेल चालेल का. करडीचं तेल हवेत सुकत जातं, चिकट होतं, त्याचा पापुद्रा धरतो; म्हणूनच रंग बनवायलाही ते वापरतात. चटणीवर घ्या. जॅकात छर्रे चिकटवून ठेवेल.

काकांचं काळं ऑइल सगळ्यात शेवटी घेतो. त्याआधी दुकानदाराचं ऐकू, कारण चौघांत तोच खऱ्याच्या जवळ आहे.

हायड्रॉलिक तेलाच्या डब्यावर 32, 46, 68 असे आकडे असतात. ते जाडीचे आकडे, 40 अंश तापमानाला मोजलेले. आकडा मोठा तेवढं तेल जाड. इंजिन ऑइल याच मापाने मोजलं तर शंभराच्या वर जातं, 90 नंबरचं गिअर ऑइल दीडशे-दोनशेच्या घरात. बॉटल जॅक बनवणारे सहसा 32 किंवा त्याहून पातळ, म्हणजे 22 नाहीतर 15 नंबरचं तेल सांगतात. कारण जॅकातल्या वाटा सुईएवढ्या असतात आणि छर्रा हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला पटकन उठून पटकन बसावा लागतो.

मग आपल्याकडे सगळीकडे 68 का दिसतं? जेसीबी, टिपर, ऊसतोडणी यंत्रं यांच्यामुळे. दुकानात 20 लिटरची बादली फुटलेली असते आणि त्यातून लिटरभर सुटं मिळतं. ऊनही 68च्या बाजूने बोलतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43ला जातो. ट्रॅक्टरवर उन्हात पडलेला लोखंडी जॅक त्याहून कितीतरी तापतो, हात लावून बघा. जॅक 60 अंशाला गेला की 32चं तेल निम्म्याहून पातळ होतं आणि 68 हे 32च्या खाली उतरतं. पण डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक आकडी होतो, हे तुम्ही मला सांगायला नको. तेव्हा हेच तेल 40 अंशाच्या मानाने चार ते सहा पट जाड होतं. तुमचा ऊस त्याच दिवसांत, रात्री-पहाटे निघतो. 68 भरलेला जॅक त्या वेळी उचलेल, पण रडत उचलेल आणि उतरवताना स्क्रू उघडूनही सावकाश बसेल.

माझं मत विचाराल तर तुमच्या जॅकला 32 भरा. 32 मिळत नसेल तर 46, तेही आपल्या हवेला चांगलं मानवतं. ज्यांचा जॅक उन्हाळ्यात शेतावरच असतो त्यांनी सरळ 46 घ्यावं. 68 घरात पडलंय आणि उद्याच काम आहे, तर भरा. सीलचं काही बिघडणार नाही, हिवाळ्यात फक्त हात दुखेल. कंपनीवरून भांडू नका. इंडियन ऑइलचं सर्वो सिस्टम, हिंदुस्तान पेट्रोलियमचं एन्क्लो, भारत पेट्रोलियमचं हायड्रॉल, कुठलंही चालेल. डब्यावर ‘हायड्रॉलिक’ हा शब्द, सोबत एडब्ल्यू किंवा एचएलपी ही अक्षरं आणि आकडा, एवढं बघा. जॅकच्या अंगावर किंवा पत्रकात दुसरा आकडा छापलेला असेल तर माझं सोडा, तो पाळा.

सुटं तेल घेणार असाल तर बाटली घरून न्या आणि ती आधी वाळवून घ्या. पाण्याच्या बाटलीच्या तळाला उरलेला अर्धा चमचा पाणी, एवढंही जॅकला गंज चढवायला पुरतं.

अजून एक घोळ आपल्या बोलण्यातला. ‘ट्रॉलीचा जॅक’ म्हटलं की कुणाला चाकांवर सरकणारा गॅरेजचा जॅक वाटतो, कुणाला टिपिंग ट्रॉलीखालचा सिलिंडर. गॅरेजच्या जॅकला वरचं सगळं लागू आहे. टिपिंगच्या सिलिंडरला नाही. तो ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालतो, दोघांचं तेल एकच. तिथे ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलेलं तेलच जाईल, 32 आणून ओतू नका.

आता प्रत्यक्ष बदलायचं कसं. जॅकचा दांडा पूर्ण खाली बसवा. हे आधी, कारण दांडा वर असताना टाकी भरली तर खाली येताना जागा उरत नाही आणि तेल बूच उडवून अंगावर येतं. मग जॅक फडक्याने पुसा, विशेषतः रबरी बुचाभोवती. उसाच्या फडातली धूळ पिठासारखी बारीक असते, बूच काढलं की पहिली तीच आत जाते. उतरवायचा स्क्रू एक-दीड फेरा ढिला करा. पूर्ण काढू नका. छर्रा मातीत पडला तर तिघं जण टॉर्च घेऊन शोधत बसाल. बूच काढून जॅक पातेल्यावर उपडा धरा, हँडल वरखाली करत राहा. थेंब थांबले की थोडं नवं तेल घाला, हलवा, तेही ओतून द्या. धुवायला पेट्रोल-रॉकेल नको, उरलेलं नव्या तेलात मिसळतं. त्यासाठी थोडं तेल वाया गेलं तर जाऊ द्या. 10 टनी बॉटल जॅकला साधारण पाव लिटरच्या आसपास लागतं, लिटरमध्ये धुणं आणि भरणं दोन्ही भागतं.

भरायला जनावरांच्या औषधाची मोठी प्लॅस्टिकची सिरिंज छान, नवी मात्र. जॅक सपाट जागी सरळ उभा ठेवा आणि तेल बुचाच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत येऊ द्या, त्याच्या वर नको. स्क्रू ढिलाच ठेवून हँडल पंधरा-वीस वेळा झपझप मारा, अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येईल. स्क्रू आवळा, जॅक रिकामाच पूर्ण वर घ्या, खाली आणा. असं दोन-तीनदा. पातळी उतरली असेल तर पुन्हा काठापर्यंत भरा, बूच लावा.

मग रिकाम्या ट्रॉलीखाली लावून पट्टीने उंची मोजा, दहा मिनिटांनी परत मोजा. फरक नसेल तर उत्तम. असेल तर तेलाचं आपलं काम संपलं, आता छर्रे आणि सील. हायड्रॉलिकची कामं करणारे परभणी, नांदेड, संभाजीनगरात आहेत. सील किट मागताना जुनं सील सोबत न्या, नुसतं ‘10 टनी’ सांगून माप जुळेलच असं नाही. छर्रा नवा टाकायला सांगा, तो बेअरिंगच्या दुकानात काही रुपयांत मिळतो. जास्त भार आला तर दाब सोडणारा एक छोटा वॉल्व्ह असतो, त्याला मात्र कुणाला हात लावू देऊ नका. ‘जरा टाइट करून देतो, बारा टन उचलेल’ म्हणणारे भेटतात. आणि दांड्यावर गंजाचे खड्डे दिसले किंवा बैठकीला चीर दिसली तर वडिलांचा जॅक माळ्यावर ठेवा आणि नवा घ्या. खड्डे पडलेला दांडा नवं सील आठवडाभरात खातो.

नवा किती टनी? कारखान्याच्या काट्याची पावती काढा. भरल्या ट्रॉलीचं एकूण वजन त्यावर आहेच. दोन चाकांची ट्रॉली असेल तर एका बाजूला जवळपास निम्मं येतं, आणि रस्ता उतरता असला, ऊस एकीकडे कलला असला तर त्याहून जास्त. त्याच्या दीडपट तरी जॅक असावा.

राहिले काका. तुम्ही त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलंय: “तीस वर्षं झाले तेच टाकायलाव, काय झालं?” काका खोटं बोलत नाहीत. काळं ऑइल खनिजच आहे, त्याने सील ब्रेक ऑइलसारखं फुगत नाही, म्हणून जॅक चालत राहतो. काही जुन्या जॅकांत तर चामड्याचे वायसर असायचे, त्यांनी खूप सोसलं. पण इंजिनातून काढलेल्या तेलात काजळी असते, झिजलेल्या लोखंडाची पूड असते, डिझेल आणि पाण्याचा अंश असतो. ती पूड 800 किलोच्या दाबाने छर्र्याच्या बैठकीवर घासते. तुमच्या जॅकला आज जे झालंय ते बहुधा त्याच तीस वर्षांचं आहे, फक्त हप्त्याहप्त्याने आलंय.

हे मात्र त्यांना तोंडावर सांगू नका. मी सांगितलेलंही सांगू नका. जॅक उघडायचं काम त्यांनाच द्या. म्हणा, “काका, तुमचा हात बसलाय, मला जमंना.” पातेल्याऐवजी स्टीलचं पांढरं लख्ख ताट घ्या आणि जुनं तेल त्यात ओतू द्या. ताट उन्हात तिरकं धरा. तेल सरकतं आणि तळाला चमचम करणारी बारीक रेघ राहते, ती लोखंडाची पूड. बोटाने चोळली तर कचकच लागते. तीस वर्षं यंत्र हाताळलेल्या माणसाला ती कचकच काय आहे ते समजावून सांगावं लागत नाही. त्यानंतर नव्या तेलाचा डबा त्यांच्याच हातात द्या. काढलेलं तेल गोठ्याच्या खांबांना लावायचं त्यांच्या मनात येईल, तेवढं अडवा, जनावरं खांब चाटतात. गॅरेजात जुनं ऑइल जमा करणारे असतात, त्यांना द्या.

काकांशी वाद घालायचाच असेल तर तो तेलावरून घालू नका, ठोकळ्यांवरून घाला. तिथे मागे हटू नका. जॅक चांगला असो की वाईट, 32 असो की 68, तो उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. ट्रॉली उचलली की आसाखाली ठोकळे सरकवायचे, जॅक जरासा उतरवून भार त्यांच्यावर घ्यायचा आणि मगच चाकाला हात लावायचा. दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून दगड. जॅकखाली जाड फळी, कारण आपली काळी माती वरून कोरडी दिसते आणि भार आला की एका अंगाला दबते, जॅक तिरका होतो. आणि चाक बदलायच्या आधी ट्रॉलीखाली एकदा वाकून बघायचं. कारखान्याच्या रांगेत दुपारी सावली दुसरी नसते, तोडणीवाल्यांची लेकरं ट्रॉलीखालीच झोपलेली असतात.

ठोकळे बाभळीचे करून घ्या, चांगले वाळलेले, हातभर लांब आणि वीतभर जाड, निदान चार. सुतार म्हणेल कडुनिंबाचे घ्या, तेही चालतील. आंब्याचे नकोत, भाराखाली चिरतात. दोन ठोकळ्यांना दोरीचा कान लावा म्हणजे हात आत न घालता ओढता येतील, आणि ट्रॅक्टरवर जॅकच्या शेजारीच बांधून ठेवा. ड्रायव्हरला सांगून ठेवा की ठोकळे नसतील तर जॅकला हात लावायचा नाही, ट्रॉली तिथेच उभी राहिली तरी चालेल, कारखान्याचा नंबर गेला तरी चालेल.